कौटुंबिक मतभेद

धोंड्याच्या महिन्यात मौजपुरीत मुंगीला शिरायला जागा नव्हती, आणि तरीही कुणी कुरकुरत नव्हतं. कुणी पुरुष कुरकुरत नव्हता, असं म्हणायला हवं. पण तेव्हा हा फरक कुणाच्या ध्यानात आला नाही, आणि ज्यांच्या आला त्यांना कुणी विचारलं नाही.

मौजपुरी म्हणजे माणगावच्या अलीकडे, महामार्गाला लागून वसवलेलं भलंमोठं करमणूक-उद्यान. आकाशपाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, अंधारगुहा, आणि मधोमध सहाशे खोल्यांचं हॉटेल. अधिक महिन्यात जावयाला बोलावून, तीस-तीन अनारसे चांदीच्या ताटलीत घालून त्याचे लाड करायचे ही आपली जुनी रीत. पण फ्लॅटच्या ओट्यापाशी उभं राहून अनारसे तळायला आता वेळ आहे कुणाला? ही अडचण मौजपुरीच्या चालकांनी बरोबर हेरली आणि 'जावई महोत्सव' काढला. सासू-सासरे, लेक-जावई, दोन दिवस नि एक रात्र, वाण मौजपुरीकडून. अख्खा महाराष्ट्र आपापले जावई घेऊन तिथं लोटला.

कुमुदताई धारप या मौजपुरीच्या अतिथी-समाधान विभागाच्या प्रमुख. निरनिराळ्या हॉटेलांत वर्षानुवर्षं तक्रारी ऐकून त्यांचा आवाज इतका मऊ झाला होता, की त्यांचे यजमान श्रीधरराव म्हणत, "घरी तरी मला 'आपली गैरसोय झाल्याबद्दल' म्हणत जाऊ नकोस." मौजपुरीत आल्यापासून मात्र त्यांना फारसं काही ऐकावं लागतच नव्हतं. याचं सगळं श्रेय 'सोबत'ला.

सोबत म्हणजे मनगटावर बांधायची एक रबरी पट्टी, राखीएवढी हलकी. गेटवर मोबाईल लॉकरमध्ये ठेवायचा आणि सोबत बांधून घ्यायची. खोलीचं दार तिनं उघडे, जेवणाचं बिल तिच्यावर होई, चुकलेलं पोर तिच्यामुळे सापडे. शिवाय तिचं आणखी एक काम होतं. ते माहितीपत्रकात बारीक अक्षरात, 'आनंद-साहाय्य' एवढंच छापलं होतं. आनंदाला साहाय्य कुणाला नको असतं? सगळे मुकाट बांधून घेत. कर्मचाऱ्यांना तर ती सक्तीची होती.

आणि खरंच, मौजपुरीत वेळ कसा जाई ते कळत नसे. अंधारगुहेच्या रांगेत तास न् तास उभी राहिलेली माणसं हसत बाहेर येत आणि म्हणत, "काय झटपट नंबर लागला हो!" दुपारी बाराला मिळायची खोली चारला मिळाली तरी पाहुण्याला वाटे, बसलो न बसलो तोच दार उघडलं. दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी त्याला खोलीबाहेर काढलं तरी त्याची तक्रार नसे. मग व्यवस्थापनानं हळूच एकेका खोलीत दिवसाला दोन-दोन बिऱ्हाडं उतरवायला सुरुवात केली. सहाशे खोल्यांचं हॉटेल सहाशेच्या वर भरू लागलं. कार्यकारी संचालक अभिजित सरनोबत यांचे मोठमोठ्या परिषदांत सत्कार झाले. पाहुण्यांची गर्दी दुप्पट आणि समाधानही दुप्पट, ही किमया त्यांनी कशी साधली ते सांगायला त्यांना परदेशांतून बोलावणी येऊ लागली.

महोत्सवाच्या पहिल्याच दिवशी मात्र गेटवर एक विघ्न आलं. सांगलीकडची एक नवी नवरी हातभर हिरवा चुडा लेऊन आली होती. गेटवरच्या मुलीनं सोबत बांधण्यासाठी तिच्या बांगड्या मागं सारल्या आणि त्यांतल्या दोन वाढल्या. नवरीच्या आईनं सगळं गेट डोक्यावर घेतलं. "माझ्या लेकीचा चुडा वाढवला, तोही धोंड्याच्या महिन्यात!" कुमुदताई धावत गेल्या. माफी मागितली, त्या मुलीची ओटी भरली, आणि तिथल्या तिथं हुकूम काढला, की ज्यांचे हात भरलेले आहेत त्यांच्या मनगटावर सोबत बांधायची नाही. दंडावर बांधायची, वाकीसारखी.

आपल्याकडची कुठलीही शहाणी बाई हाच हुकूम देईल. ज्यांनी सोबत घडवली त्या डॉक्टर काझींना हे कळवावं, असं मात्र कुणाच्या मनात आलं नाही. बांगड्या वाचवायला पट्टी वीतभर वर सरकवली, त्यात विज्ञानाचा संबंध काय?

दुसऱ्या दिवसापासून तक्रारी सुरू झाल्या. नवरा बाहेर पडताना मत नोंदवायच्या बटणांतला हसरा चेहरा दाबी आणि त्याचीच बायको रडका. सासरे म्हणत, पाच मिनिटांत नंबर लागला. सासू म्हणे, उभं राहून राहून माझ्या पोटऱ्यांचे गोळे झाले. सरनोबतसाहेबांनी यावर तोडगा काढला. एकाच कुटुंबातल्या माणसांची मतं जुळली नाहीत तर यंत्रणेनं ती तक्रार मोजायचीच नाही. पडद्यावर ती राखाडी होई आणि तिच्यावर शिक्का पडे, 'कौटुंबिक मतभेद'. महोत्सवाच्या दुसऱ्या आठवड्यात अशा मतभेदांनी पडदा भरून गेला, आणि मौजपुरीचं समाधान होतं तिथंच राहिलं.

कुमुदताईंना ते खटकलं नाही असं नाही. पण दिवस इतक्या झपाट्यानं सरत होते की एखाद्या गोष्टीचा विचार करायला बसावं, तोवर घरी निघायची वेळ होई.

"घरी निघायची वेळ?" श्रीधरराव म्हणत. "अगं, सकाळी दूधवाल्याच्या आधी जातेस आणि मी ताटं झाकून पेंगत असतो तेव्हा येतेस. आणि वर म्हणतेस, आज लवकर सुटले."

"काहीतरीच तुमचं," कुमुदताई म्हणत, आणि त्यांना ते मनापासून काहीतरीच वाटे.

---

महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांची लेक ऋता आणि जावई तन्मय आले. लग्नानंतरचा हा पहिलाच धोंडा. कुमुदताईंनी हट्टानं सुट्टी घेऊन घरी अनारसे केले होते आणि डबा ऋताच्या पिशवीत दिला होता. गेटवर तो डबा काढून घेतला गेला. बाहेरचं खाणं आत चालत नाही. ऋताच्या पिशवीतला ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडाही गेला.

"अहो, यांना मधुमेह आहे," ऋता म्हणाली. "साखर लागते कधी कधी."

"औषध असेल तर न्या. हे खाणं आहे," पहारेकरी म्हणाला.

तन्मयला लहानपणापासून मधुमेह होता. रोज जेवणाआधी तो स्वतःच्या हातानं इन्सुलिन टोचून घेई. मुलाकडच्यांनी हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलं होतं, आणि मुलगा इतका हसरा नि सरळ की धारपांनी ते मनावर घेतलं नाही. दंडावर त्यानं एक चकती लावलेली असे. रक्तातली साखर उतरू लागली की ती त्याच्या मोबाईलला कळवी आणि मोबाईल ओरडे. तो मोबाईल आता लॉकरमध्ये ओरडायला मोकळा होता.

संध्याकाळी हॉटेलच्या अंगणात कुमुदताईंनी लेकीला पाहिलं तर तिचं तोंड हे एवढंसं झालेलं.

"आई, दिवसभरात फक्त दोन पाळणे झाले. दोन! बाकी सगळा दिवस रांगेत. आणि हा म्हणतो, मजा आली."

"आलीच की," तन्मय हसत म्हणाला. "आई, तुमच्या लेकीला दम म्हणून नाही हो. पाच मिनिटं उभं राहिलो की हिची भुणभुण सुरू."

"पाच मिनिटं? तन्मय, ऊन या खांबावरून त्या खांबावर गेलं आपण उभे असताना!"

"बरं बाई, तू म्हणशील तसं." त्यानं कुमुदताईंकडे पाहून डोळे मिचकावले. तो तसा वाईट मुलगा नव्हता. पण हे 'तू म्हणशील तसं' नव्या संसारात विरजणाच्या थेंबासारखं असतं. कुमुदताईंनी तो थेंब पडताना पाहिला आणि तरीही त्या लेकीलाच म्हणाल्या, "ऋता, दोन दिवस जावयाचे असतात. थोडं सोसावं."

 ऋतानं आईकडे नुसतं पाहिलं.

सकाळी गेटजवळच्या तुळसाकाकूंच्या दुकानासमोर तिनं आपल्या चुडा भरलेल्या हातानं आईचा हात धरला. तुळसाकाकू माणगावच्या कासारीण. महोत्सवासाठी त्यांना इथं मांडव घालून दिला होता.

"आई, आज तूही भरायच्या. माझ्या पहिल्या धोंड्याला माझ्या आईचे हात असे भुंडे नकोत मला."

"अगं, ऑफिसात कुठं..."

"बसा हो ताई," तुळसाकाकूंनी हात ओढलाच. "लेक म्हनती तर लेकीचं आयकावं. दरवेळेला जावयाचंच काय आयकायचं?" कालचं बोलणं यांना कुणी सांगितलं, या विचारात कुमुदताई असतानाच डझन-डझन हिरव्या बांगड्या त्यांच्या हातांत चढल्या. सोबत दंडावर गेली. तन्मय आणि ऋता अंधारगुहेकडे निघाले आणि कुमुदताई कामाला लागल्या.

आणि तो दिवस काही केल्या सरेना.

आधी त्यांना वाटलं, बरं नाही आपल्याला. पाय भरून आले. पाठ धरली. सपाटून भूक लागली. जेवणाची सुट्टी अजून कशी झाली नाही म्हणून खिडकीतून पाहिलं, तर ऊन अजून कोवळं. मौजपुरीत घड्याळ कुठंच नव्हतं, ते शोभेसाठी नसेल असं त्यांना इतके दिवस वाटत होतं. त्या खुर्चीत रेलल्या, पुन्हा उठल्या. समोर पाहुणे येत होते, जात होते, आणि प्रत्येक माणसाशी बोलायला केवढा तरी वेळ लागत होता. हे काम रोज इतकंच असतं? मग रोज ते इतकं चुटकीसरशी कसं होतं?

ऊन डोक्यावरून कलायला लागलं तेव्हा मघापासून समोर उभ्या असलेल्या एक बाई म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही तरी खरं सांगा. मला वेड लागलंय का? आमचे हे म्हणतात, दहा मिनिटं झाली. मला तर अर्धा दिवस गेल्यासारखं वाटतंय. काल पण असंच. आज सकाळी मुलासमोर म्हणाले, तुझ्या आईला डॉक्टरकडे दाखवायला हवं." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांच्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरवा चुडा होता आणि सोबत दंडावर होती.

कुमुदताईंनी त्या हातांकडे पाहिलं. मग स्वतःच्या हातांकडे पाहिलं. आणि खुर्ची मागं सारून त्या नियंत्रण कक्षाकडे निघाल्या.

---

डॉक्टर इम्तियाझ काझी महाडकडचे. मेंदूच्या संशोधनात नाव कमावून मौजपुरीत आलेले, बोलायला अतिशय नम्र. कुमुदताईंच्या हातांतल्या बांगड्या आणि दंडावरची सोबत पाहिली आणि ते खुर्चीतून उठलेच.

"दंडावर? कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. डॉक्टर, ही पट्टी करते काय, ते आज मला नीट सांगा."

काझींनी आढेवेढे घेतले नाहीत. बहुतेक ते कुणी विचारण्याचीच वाट पाहत होते.

"मॅडम, डोळ्यांनी दिसतं, कानांनी ऐकू येतं. पण वेळ कळायला माणसाला वेगळं इंद्रिय नाही. मेंदू आपला अंदाज बांधतो, आणि तो अंदाज शरीरावरून बांधतो. हृदयाचे ठोके किती पडले, भूक कितपत लागली, पाय किती दुखले. कंटाळलेल्या माणसाचं लक्ष या सगळ्याकडे जातं म्हणून त्याला वेळ लांब वाटतो. सोबत मनगटाच्या नाडीवर अगदी हलके ठोके देते, तुमच्या खऱ्या ठोक्यांपेक्षा थोडे सावकाश. हाताला ते जाणवतसुद्धा नाहीत. पण मेंदू त्या ठोक्यांनाच आपलं हृदय समजतो. त्याच्या हिशेबी शरीर शांत आहे, फार काही घडलेलं नाही, म्हणजे फार वेळही गेलेला नाही."

"आणि दंडावर?"

"तिथं नाडी खोल असते. त्यातून बांगड्यांची किणकिण सतत चाललेली. ठोके पोचतच नाहीत. चुडा भरलेल्या बायकाच काय त्या या अख्ख्या उद्यानात शुद्धीवर आहेत, मॅडम."

 नवऱ्यांनी हसण्यावारी नेलेल्या, सासऱ्यांनी दटावलेल्या, पोरांदेखत वेड्या ठरवलेल्या त्या बायका त्यांच्या डोळ्यांपुढून गेल्या. त्यांतल्या प्रत्येकीला कुमुदताईंनी स्वतःच्या मऊ आवाजात थंड पाणी पाजून परत पाठवलं होतं.

"आणि भूक? तहान?"

"तीही मंदावते. म्हणजे जाणीव मंदावते. शरीराला लागायची ती लागतेच."

एवढ्यात दार उघडून सरनोबतसाहेब आत आले. रोजची फेरी होती त्यांची. त्यांना हे माहीतच होतं. नुसतं माहीत नव्हतं, तर त्यांनीच ते मागून घेतलं होतं. कुमुदताईंचं बोलणं त्यांनी पुरतं ऐकून घेतलं आणि प्रसन्न चेहऱ्यानं म्हणाले, "छान शोध लावलात, धारपबाई. म्हणजे अडचण बांगड्यांची आहे. उद्यापासून पायात बांधायची पट्टी काढू."

"साहेब, तुम्ही लोकांचा दिवस चोरताय."

"चोरतोय? कुणाचा? त्यांना विचारा ना! रांगेत तिष्ठणारा माणूस जगात सगळीकडे चिडलेला असतो, आमच्याकडे हसतो. हे पुण्याचं काम आहे."

"रांग कमी करणं हे पुण्याचं काम झालं असतं. तुम्ही दुप्पट माणसं कोंबलीत. खोल्या दोनदा विकल्यात. आणि ज्या बायका खरं सांगत होत्या त्यांच्या तोंडावर 'कौटुंबिक मतभेद' म्हणून बोळा कोंबलात! घराघरांत भांडणं लावलीत."

"बायका कुरकुरतातच हो. त्याला आमची पट्टी कशाला हवी?" सरनोबतसाहेब हसले. मग हसू आवरून म्हणाले, "हे बघा, चार बायकांच्या कटकटीला घाबरून भरलेली जत्रा मोडायला मी काही हातांत बांगड्या भरलेल्या नाहीत. तुम्ही जागेवर जा."

कुमुदताईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि त्यांची नजर साहेबांच्या खांद्यावरून मागच्या मोठ्या पडद्यावर गेली. रांगांमध्ये ठिकठिकाणी तक्रारीची बटणं होती. तिथं बोललेलं या पडद्यावर उमटे. अंधारगुहेच्या रांगेतून एक तक्रार उमटली.

'माझ्या नवऱ्यानं जेवणाआधीचं इंजेक्शन घेतलंय आणि अजून जेवण नाही. त्यांना घाम फुटलाय. ते ऐकत नाहीत. आम्हाला बाहेर सोडा. ऋता.'

त्याखाली लगेच दुसरं मत उमटलं. 'सगळं मस्त. बायको उगीच घाबरते. तन्मय.'

कुमुदताईंच्या डोळ्यांदेखत दोन्ही ओळी राखाडी झाल्या.

---

अंधारगुहेतून बाहेर पडताच जेवणघर, अशी पाटी रांगेत लावलेली होती. तन्मयला वाटलं, झालंच आता, दहा मिनिटांत पानावर बसू. म्हणून त्यानं रांगेतच इन्सुलिन टोचून घेतलं. ऋतानं त्याचा हात धरला होता. "अरे, रांग हललेलीसुद्धा नाही, तन्मय!" त्यानं तो हात हळूच सोडवला होता. तू म्हणशील तसं.

साखर उतरली की शरीर आरडाओरडा करतं. छाती धडधडते, हात कापतात, पोटात आगडोंब उसळतो. हीच त्याची धोक्याची घंटा, आणि लहानपणापासून या घंटेवर तन्मय जगत आला होता. सोबत त्याच्या मनगटावर संथपणे ठोके देत राहिली. तुझं हृदय शांत आहे. तुला काही झालेलं नाही.

कुमुदताईंनी वाटेतल्या सरबताच्या गाडीवरून साखरेचा डबा, चमचा आणि पाण्याची बाटलीच उचलली. रांगेच्या लोखंडी कठड्यांखालून त्या वाकून, रांगून गेल्या. दोन बांगड्या वाढल्या, मनगटावर रक्त आलं. लोक हसून बाजूला होत होते. फार गोड गर्दी होती ती. कुणाचा चेहरा आंबलेला नव्हता, आणि त्याच गोडपणाची कुमुदताईंना शिसारी आली.

तन्मय कठड्याला टेकून जमिनीवर बसला होता. अंगातला सदरा घामानं चिंब. तो हसत होता आणि काहीतरी असंबद्ध बोलत होता. ऋता त्याच्या मनगटावरची पट्टी दातांनी तोडत होती.

"आई, कुणी ऐकत नाही गं! सगळे म्हणतात, आत्ताच तर आलात!"

कुमुदताईंनी साखरेचं दाट पाणी करून चमच्याचमच्यानं त्याच्या तोंडात घातलं. पट्टी तुटून खाली पडली. काही वेळ काहीच झालं नाही. मग तन्मयचे हात थरथरू लागले, श्वास जोरानं चालू झाला, आणि कितीतरी वेळानं त्याची नजर ऋतावर स्थिरावली. त्या नजरेत पहिल्यांदा भीती होती. ती भीती पाहून ऋता हमसून हमसून रडली.

वाचला. आणखी थोडा वेळ 'सगळं मस्त' राहिलं असतं तर वाचला नसता. उद्यानाचा डॉक्टर येऊन पोचला. त्याच्या ताब्यात तन्मयला देऊन कुमुदताई उठल्या.

नियंत्रण कक्षात सरनोबतसाहेब अजून होते. "आहे ना ठीक तुमचा जावई? मग झालं तर," ते म्हणाले. "हॉटेलात मोठी खोली देतो त्यांना, आमच्यातर्फे."

कुमुदताईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्या काझींना म्हणाल्या, "डॉक्टर, पट्ट्या बंद करा."

"ती परवानगी फक्त साहेबांच्या अंगठ्याला आहे, मॅडम," काझी म्हणाले.  मग त्यांनी साऱ्या उद्यानात आवाज पोचवणारा ध्वनिक्षेपक उचलला, त्याचं बटण दाबलं आणि तो कुमुदताईंच्या पुढ्यात ठेवला. "याला अंगठा लागत नाही."

"नमस्कार. मी कुमुद धारप बोलते आहे. आपली गैरसोय झाल्याबद्दल..." सवयीनं आलेला तो मऊ आवाज त्यांनी मध्येच तोडला. त्या पुन्हा बोलल्या, तेव्हा श्रीधररावांनीही कधी ऐकला नसेल असा आवाज बाहेर पडला.

"गैरसोय नाही. आपली फसवणूक झाली आहे. तुमच्या मनगटावरची पट्टी तुम्हाला वेळ कळू देत नाही. तुम्ही सकाळी रांगेत उभे राहिलात आणि आता दुपार कलली आहे. तुमची मुलं उपाशी आहेत. पट्ट्या तोडून टाका. माझ्यावर विश्वास ठेवू नका. तुमच्या शेजारी जी बाई हातांत चुडा घालून उभी आहे, तिला विचारा किती वेळ झाला. ती सकाळपासून सांगतेय. ती तीन आठवडे सांगतेय!"

"बंद करा!" सरनोबतसाहेब ओरडले आणि पहारेकऱ्यांकडे वळले. पहारेकरी जागचे हलले नाहीत. दोघेही आपापल्या मनगटावरच्या पट्ट्या सोडवत होते.

पडद्यावर मौजपुरी दिसत होती. आधी इकडेतिकडे एकेक हात मनगटाकडे गेला. मग पुष्कळ हात गेले. आणि मग ती गोड गर्दी जागच्या जागी खाली बसली. दिवसभराचं पायांतलं दुखणं एकदम वर आलं होतं. लहान मुलांनी भोकाड पसरलं. आणि रांगोरांगी, पाळण्यांखाली, हॉटेलच्या पायऱ्यांवर पुरुष आपापल्या बायकांकडे तोंड वळवून काहीतरी विचारत होते. आवाज येत नव्हता, पण काय विचारत असतील ते कुमुदताईंना कळत होतं. काही बायका उत्तर देत होत्या. बऱ्याचशा नुसत्या पाहत होत्या.

---

सूर्य मावळायच्या आत कुमुदताईंची नोकरी गेली. 'काही पट्ट्यांमध्ये तांत्रिक अडचण उद्भवली' असं मौजपुरीनं जाहीर केलं. पण गेटवर माणसांची भिंत उभी होती, आपापले मोबाईल आणि दिवस परत मागणारी, आणि त्या भिंतीपुढे सरनोबतसाहेबांची गाडी तशीच अडकून पडली होती.

श्रीधरराव लेक-जावयांना घ्यायला आले होते. त्यांच्या हातात अनारशांचा डबा होता. गेटवरच्या टेबलाखालून त्यांनी तो न विचारता उचलला होता.

तुळसाकाकूंच्या मांडवापुढे एक वेगळीच गर्दी जमलेली. एका तरुणानं सगळ्यांसमोर हात पुढं करून म्हटलं होतं, "मलाही भरा काकू, बायकोच्या बाजूनं." लोकांनी टाळ्या वाजवल्या, लॉकरमधून सुटलेले मोबाईल वर झाले. मग दुसरा पुढं आला, मग पाचवा. हिरव्या बांगड्या भरलेले हात उंचावून नवरे फोटो काढून घेत होते. केवढं कौतुक चाललं होतं त्यांचं! कुणी म्हणत होतं, याला म्हणतात मर्द.

तन्मय अजून फिकुटलेला होता, पण आपल्या पायांवर उभा होता. ते दृश्य पाहून त्याचे डोळे भरून आले. त्यानंही हात पुढं केला. "काकू, मोठ्यातलं मोठं माप द्या. मला भरायलाच हव्यात."

कुमुदताईंनी तो हात धरून खाली केला.

"नको, तन्मयराव."

"आई, मला खरंच वाटतंय..."

"वाटतंय ते कळलं मला. पण तीन आठवडे हजारो बायका इथं खरं सांगत होत्या. त्यांचा कुणी फोटो काढला नाही, टाळ्या तर दूरच. आणि आता यांनी डझनभर काचा चढवल्या की हे मोठे झाले?" त्यांचा आवाज चढला, आणि तो खाली आणायची त्यांना गरज वाटली नाही. "पट्टी काल बांधली तुम्ही. 'तू म्हणशील तसं' तुम्ही त्याआधीही म्हणत असालच. बायको सांगते ते ऐकायला हातांत बांगड्या लागत नाहीत. कान लागतात, ते देवानं दोन दिलेत."

 ऋता आईकडे पाहत होती. काल संध्याकाळी पाहिलं होतं तशीच, पण आता त्या नजरेत वेगळं काहीतरी होतं.

"तुझ्या बाबतीतही चुकलंच माझं," कुमुदताई तिला म्हणाल्या. "सोसावं, म्हणाले."

ऋतानं त्यांच्या मनगटावरचं वाळलेलं रक्त पदरानं पुसलं. मग डब्याचं झाकण उघडून एक अनारसा तन्मयपुढं धरला.

"साखर पुन्हा उतरेल. आत्ता खा."

तन्मयनं तो घेतला आणि लगेच खाल्ला. तिला ते दोनदा सांगावं लागलं नाही.